रेल्वेकाकांचा घाटरस्ता

आमच्या घरमालकांच्या न्हाणीघराच्या दाराशी दोन निशाणं असायची, एक हिरवं आणि एक तांबडं. आत जाताना खिळ्याला तांबडं लावायचं, बाहेर आल्यावर हिरवं. घरात चार-पाच बिऱ्हाडं आणि न्हाणीघर एक. पाहुणा आला तरी घरमालक काका त्याला आधी निशाण समजावून सांगत, चहापाण्याचं नंतर विचारत. माझे मामा माहेराहून आले तेव्हा काका देवळात गेलेले होते, म्हणून मामांना कुणी काही सांगितलं नाही. ते तसेच आत गेले. अंगाला साबण लागलेला असताना बाहेर शिट्टी सुरू झाली, ती थांबेचना. मामांना वाटलं, घराला आग लागली. ते पंचा गुंडाळून, साबणासकट अंगणात आले.

"आता जा परत आत," काका म्हणाले. "पण निशाण लावून."

मामा पुन्हा कधी आमच्याकडे मुक्कामाला राहिले नाहीत.

काका रेल्वेतून रिटायर झालेले. जन्मभर कुठल्या तरी लहान स्टेशनावर केबिनीत काम केलेलं. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. गल्लीतली पोरं त्यांना रेल्वेकाका म्हणायची आणि मोठी माणसं त्यांच्या पाठीमागं तेच म्हणायची. बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा ते काळा कोट घालत. खिशात शिट्टी, काखेत गुंडाळलेली निशाणं. दारावरून वरात जाऊ दे नाहीतर प्रेत, काका ओट्यावर येऊन उभे राहायचे. बाकीचे लोक पुढचं बघत, नवरदेव कसा आहे, घोडी कुणाची आहे. काका शेवटच्या माणसाची वाट बघत. मागं राहिलेली एखादी म्हातारी गुडघ्यावर हात ठेवत ठेवत पुढं सरकली, की ते स्वतःशीच म्हणत, "पूर्ण गेली." मग आत जात.

आधी मला याचं हसू यायचं. मग एकदा एक वरात अर्धी आमच्या दारावरून गेली आणि उरलेली अर्धी चौकातून दुसऱ्याच गल्लीत वळली. काका उभेच राहिले. बँडचा आवाज दूर गेला, बंद झाला, दिवे लागले, तरी ते रिकाम्या गल्लीकडं बघत उभे. मी तुळशीला दिवा लावायला बाहेर आले तेव्हा ते खांबाला धरून स्वतःशीच म्हणत होते, "बाकीची कुठं राहिली?" त्या दिवसापासून मी हसले नाही.

लोक म्हणत, नोकरीत त्यांच्या हातून काहीतरी झालं होतं. कुणी म्हणे मालगाडीचे मागचे डबे तुटून मध्येच राहिले आणि यांनी पाठीमागच्या गाडीला रस्ता दिला. कुणी म्हणे, तसलं काही नाही, डोकंच जरा हललेलं आहे. मी विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नसे.

मी चौथी शिकून, लग्न होऊन या घरात आले होते आणि फार भित्री होते. कुत्र्याला भ्यायचे, विहिरीला भ्यायचे, सासूबाई गप्प बसल्या तर त्याला भ्यायचे. परक्या पुरुषापुढं तर माझा आवाजच निघत नसे. भाजीवाल्याला मी बोटानं भाजी दाखवायचे. सासूबाई चारचौघींत म्हणायच्या, "आमची सून बोलत नाही, पण मुकी नाही हो. देवाशपथ नाही." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, दुसरं काय करणार.

काकांनी मला एकदा नळावर विचारलं, "सूनबाई, तू भितेस ना?"

मी मान हलवली.

"पुष्कळ?"

मी पुन्हा मान हलवली.

"चांगलं आहे," ते म्हणाले आणि बादली उचलून निघून गेले. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी रात्रभर त्याचाच विचार करत पडले.

वर्षातला एक दिवस मात्र मी कशालाच भीत नसे. तो आवळीच्या जेवणाचा. कार्तिकात, थंडी पडली, की आमच्या गल्लीतल्या बाया बैलगाड्या करून रानात जायच्या. खकनारच्या रस्त्याला एक फाटा फुटतो. केळीचे मळे संपले की जंगलखात्याचा नाका लागतो, आडवा बांबू टाकलेला. तिथून लहानसा घाट चढून वर गेलं की सपाटी आणि आवळ्यांची झाडं. झाडाची पूजा करायची, तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, भरीत, कळण्याच्या भाकरी, ठेचा. जेवण झालं की म्हाताऱ्या झाडाला टेकून झोपायच्या आणि आम्ही सुना फुगड्या घालायचो. तिथं पुरुष कुणी नसे, सोबतीला आलेले एक काका सोडून. ते लांब एका दगडावर पाठमोरे बसायचे. डोक्यावरचा पदर पडला तरी बघणारं कुणी नाही. थंड वारं मानेला लागायचं. पुढच्या कार्तिकापर्यंत मला ते वारं पुरायचं.

रान सरकारचं होतं आणि तोपर्यंत तिथं आम्हा बायांशिवाय मजेसाठी कुणी येत नसे. संस्थानं विलीन झाली त्या वर्षांत मोटारी येऊ लागल्या. पलीकडच्या एका लहान संस्थानातला राजाचा भाचा आपली जीपगाडी घेऊन बऱ्हाणपुरात राहायला आला होता. त्यांचं शिकारीचं रान सरकारजमा झालं, म्हणून तो मित्रांना घेऊन आमच्या रानात यायचा. थंडीत सपाटीवरून खाली दरीत धुकं भरलेलं दिसतं, ते बघायचं, तितर मारायचे, चहा करून प्यायचा. वयानं पोरगाच होता. गल्लीतल्या बायांनी त्याचं नाव 'राजे' पाडलं होतं.

घाटरस्ता लाकडाच्या गाड्यांसाठी केलेला, एकच गाडी जाईल एवढा. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. एका कार्तिकात आम्ही खाली उतरत असताना वळणावर समोरून जीप आली. हॉर्न वाजला आणि पहिल्या गाडीचे बैल बुजले. गाडी दरीकडं सरकली. एक चाक रस्त्याच्या कडेवरून खाली गेलं आणि गाडी दगडाला अडकून थांबली. गाडीत म्हाताऱ्या होत्या, त्यांत सासूबाई. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मी मागून बघितलं होतं ते चाक, हवेत, हळूहळू फिरत असलेलं. घरी आल्यावर मला ताप भरला.

मग आमच्या अंगणात बैठक झाली. जंगलखात्याचे साहेब आले, राजे आले. आम्ही बाया स्वयंपाकघराच्या दाराआड, आणि सासूबाई दाराबाहेर, कारण त्या कधीच दाराआड राहत नसत.

"त्या मोटारी पहिले बंद करा," सासूबाई म्हणाल्या. "सरकारचं रान आहे, याच्या सासऱ्याचं नाही."

"तुमच्या सासऱ्याचं आहे काय, मांजी?" राजे म्हणाले.

"माझा सासरा पायानं जायचा! तुझ्यासारखा धूर सोडत नव्हता!"

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. राजे मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "देखो साहेब, आमच्या रानात पहिले दुसरं कुणी पाय टाकू शकत नव्हतं. सरकारनं घेतलं. म्हणाले, आता सबका आहे. ठीक आहे, आम्ही दिलं. मग मी त्या सबमध्ये येतो की नाही, तेवढं सांगा."

साहेब म्हणाले, दिवस वाटून घ्या, हा बायांचा, हा मोटारीचा. पण आवळीचे दिवस पौर्णिमेपर्यंत चालतात, प्रत्येक गल्लीचा दिवस निराळा, आणि थंडी ती काय मोठी. राजे म्हणाले, मला मग उन्हाळ्यात पाठवता काय धुकं बघायला?

काका इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "दिवस वाटून उपयोग नाही. दिवस डोळ्यांना दिसत नाही. हातात काहीतरी पाहिजे." आणि ते खोलीत जाऊन एक वेताचं मोठं कडं घेऊन आले. कड्याला चामड्याची थैली शिवलेली, थैलीत लोखंडी गोळा.

"एकेरी लाइनीवर गाडी सोडताना ड्रायव्हरला असा गोळा देतात," ते म्हणाले. "गोळा एकच. ज्याच्या हातात तो, त्याचा रस्ता. त्यानं पुढच्या स्टेशनात गोळा दिल्याशिवाय दुसरी गाडी सुटत नाही. हा नाक्यावर टांगून ठेवायचा. वर जाईल त्यानं घेऊन जायचा, खाली येईल त्यानं परत टांगायचा. गोळा नसेल तर नाकेदारानं बांबू उचलायचा नाही. मोटार असू दे, बैलगाडी असू दे, कलेक्टर असू दे."

"काका, मला पोस्टमन बनवता काय?" राजे म्हणाले.

"इंजिन ड्रायव्हर बनवतो. पगार दोघांनाही मिळणार नाही."

राजे हसले आणि कडं खांद्यात अडकवून अंगणात मिरवून आले. असा तो करार झाला.

सासूबाई मात्र त्या दिवशी काकांशी भांडल्या. "भाऊजी, तुम्ही आमचे की त्याचे?"

"वहिनी, तो पोरगा रान बघायला येतो, तुम्ही पण रान बघायला जाता. तुमची हौस बैलाच्या पायानं जाते, त्याची चाकावर जाते. मी कुणाला अडवू?"

पुढच्या वर्षी आमच्या गाड्या नाक्यावर पोचल्या तर खुंटीवर गोळा नव्हता. जीप वर गेलेली. आम्हाला थंडीत बसून राहावं लागलं आणि सासूबाईंनी राजेंच्या सगळ्या पूर्वजांना नावं ठेवली. मग जीप खाली आली. राजे उतरले, दोन्ही हातांनी गोळा सासूबाईंच्या पुढं धरून म्हणाले, "मांजी, लाइन क्लिअर." सासूबाई हसल्या नाहीत. पण त्यांनी मागं वळून मला सांगितलं, "त्या मोटारवाल्याला दे एक लाडू. उपाशी दिसू राहिला." लाडू मी काकांच्या हातात दिला, काकांनी त्याला दिला.

काकांचं तेवढ्यानं समाधान झालं नव्हतं. त्यांना शेवटच्या माणसाची काळजी. रेल्वेत गाडीच्या शेवटच्या डब्यावर खूण असते. ती दिसली की समजायचं, गाडी पूर्ण आली. आमच्या शेवटी कोण, हे नाकेदाराला कसं कळणार? बाया काय, निम्म्या गाडीत, निम्म्या चालत, कुणी बोरं वेचायला थांबलेली. म्हणून त्यांनी ठरवलं की जी सगळ्यांत मागून चालेल तिनं खांद्यावर तांबडं फडकं टाकायचं. नाक्यावर तांबडं आलं की मगच गोळा खुंटीला. आणि त्यासाठी त्यांनी मला निवडलं.

सासूबाई म्हणाल्या, "हिला कशाला? हिला सावलीची भीती वाटते."

"म्हणूनच," काका म्हणाले. "धीट माणूस मागं वळून बघत नाही, वहिनी. मला भिणारी पाहिजे."

तसं दोन हिवाळे नीट गेलं. मी मागून चालायचे आणि खरंच सारखी मागं बघायचे. माझ्या भीतीला पहिल्यांदा काहीतरी काम मिळालं होतं.

तिसऱ्या वर्षी काकांनी नवं फडकं आणलं, कारण जुनं विटून गुलाबी झालं होतं. कोरं, लालभडक, कडा शिवलेलं. माझी मुलगी तेव्हा लहान होती, चालायची पण थकली की जमिनीवर बसायची. शेजारच्या बिऱ्हाडातली नवी सून त्या वर्षी आमच्याबरोबर आली होती, तिला दिवस गेलेले. पूजा झाल्यावर म्हाताऱ्यांनी ठरवलं, झाडाखालीच हिची ओटी भरू या. नारळ होता, तांदूळ होते, हळदकुंकू होतं. खण नव्हता. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सासूबाईंची नजर माझ्या खांद्यावर गेली. "हे काय, नवं कोरं तांबडं आहे की!"

मी फडकं धरून ठेवलं. म्हणजे हातात नुसतं धरलं.

"दे इकडं. ओटीसाठी मागू राहिली, माझ्यासाठी नाही."

ओटीला नाही म्हणणारी बाई मी तरी बघितलेली नाही. मी फडकं दिलं. त्यांनी त्यात नारळ-तांदूळ घालून तिची ओटी भरली, वर आवळे घातले. भरलेली ओटी काही कुणी परत मागत नाही. काका लांब पाठमोरे बसलेले, त्यांना यातलं काही दिसलं नाही. मला वाटलं, जाऊ दे. मला ते ओळखतात. मी दिसल्याशिवाय ते गोळा देणार नाहीत.

उतरताना नेहमीसारखे काका सगळ्यांत पुढं, हातात गोळा. मग गाड्या. मग चालणाऱ्या. मी शेवटी, मुलीचा हात धरून. पहिल्याच वळणावर मुलीच्या पायात बोरीचा काटा मोडला आणि ती खाली बसली. मी तिला मांडीवर घेऊन काटा काढत राहिले. काटा खोल होता. ती रडत होती. पुढच्या बायांचे आवाज वळणापलीकडं गेले, बैलांच्या घुंगरांचा आवाज गेला. ऊन डोंगराआड गेलं होतं, रस्त्यावर सावली पडली होती आणि दगड गार लागत होता. मी निवांत होते. खोटं कशाला सांगू, जन्मात पहिल्यांदा इतकी निवांत होते. कारण मी वर आहे तोपर्यंत रस्ता माझा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग खालून मोटारीचा आवाज आला.

आधी वाटलं, नाक्यावर उभी असेल, कुणीतरी सुरू करून बघत असेल. आवाज थांबला नाही. खालच्या वळणावर तो कातळात घुमला, मोठा झाला, आणि वर चढू लागला. मी मुलीला उचलून उभी राहिले. एका बाजूला कातळ सरळ उभा, त्याला धरायला झुडूपसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूला दरी. मागं पळावं तर चढ, पुढं जावं तर मोटार. माझे पाय उचलेनात. मुलीचं रडणं बंद झालं होतं. तिनं माझ्या मानेला इतकी घट्ट मिठी मारली होती की मला श्वास घेता येईना. ओरडावं असं मनात आलं. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. नवी सून गाडीत मळमळतं म्हणून उतरून शेवटच्या गाडीच्या मागं चालत होती. ओटीचं तांबडं तिनं खांद्यावर टाकलं होतं, पुढं गाठ मारून. बाकीच्या चालणाऱ्या बाया नाका येण्याआधीच गाड्यांत चढून बसल्या होत्या. गाड्या बांबूखालून निघाल्या, शेवटी तांबडं निघालं. काकांनी तांबडं बघितलं. "पूर्ण गेली," म्हणाले आणि गोळा नाकेदाराला दिला. राजे वाट बघून कंटाळलेले, त्यांनी गोळा खांद्यात अडकवला आणि मोकळ्या रस्त्यावर सोडावी तशी जीप सोडली.

मग सासूबाईंनी गाडीतून विचारलं, "आमची सून कुठं आहे हो?"

मोटारीचा रस्ता वळणावळणानं जातो, पायवाट मधून सरळ वर चढते. काका त्या पायवाटेनं धावले. त्यांचं वय, त्यांचे गुडघे, तो काळा कोट. मला ते दिसले तेव्हा माझ्या जरा खाली, वळणाजवळच्या झुडपातून हातावर रांगत रस्त्यावर येत होते. उभे राहिले, वळणाकडं तोंड केलं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ उभे धरले. काखेतली निशाणं कुठं पडली होती देव जाणे.

जीप वळली. ब्रेकचा आवाज अजून माझ्या कानात आहे. खडी उडून आमच्या अंगावर आली. जीपचं तोंड कातळाकडं गेलं, घासलं आणि ती थांबली. काकांच्या पोटापासून हातभर.

राजे खाली उडी मारून आले. चेहरा पांढराफटक. आपल्या खांद्यातलं कडं ते पुढं धरून हलवत होते. "काका! गोळा माझ्याकडे आहे! हे बघा! गोळा माझ्याकडे आहे! रस्ता माझा होता!"

"होता," काका म्हणाले. हात अजून वरच. "तुझाच होता."

मग त्यांचे हात खाली आले आणि ते रस्त्यात बसले. बसल्यावर त्यांचे दात वाजायला लागले. राजेंनी पाणी दिलं, ते त्यांच्या कोटावर सांडलं. काका पुनःपुन्हा एकच म्हणत होते, "मी माणूस नाही बघितलं. मी तांबडं बघितलं. माणूस नाही बघितलं."

जीप वळवायला जागा नव्हती. राजेंनी ती उलटी, मागं मागं, पावलाच्या गतीनं खाली नेली. मुलीला आणि काकांना त्यांनी जीपमध्ये बसवलं. मला हातानंच 'बसा' म्हणाले, पण मी परक्या माणसाच्या गाडीत कशी बसणार? मी पुढून चालले, जीप माझ्याकडं तोंड करून मागं सरकत गेली. सगळा वेळ राजेंची नजर पाठीमागच्या रस्त्यावर आणि काकांची माझ्यावर.

घरी हे म्हणाले, "बस झालं. यापुढं आवळी अंगणात, कुंडीतल्या फांदीची पूजा करा." गल्लीतल्या सगळ्याच पुरुषांनी तसं ठरवलं. राजेही येऊन सांगून गेले की आवळीच्या दिवसांत ते मोटार काढणार नाहीत. काकांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराची निशाणं गेली. काकांनीच काढली. मग एकच गोंधळ. कुणी आत असताना कुणी दार ढकलायचं, भांडणं व्हायची, समोरच्या बिऱ्हाडातले मास्तर आत असले की मोठ्यानं स्तोत्र म्हणायचे म्हणजे बाहेरच्यांना कळावं. काका ओट्यावर येईनात. वरात गेली, ते आले नाहीत. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आम्ही त्यांना फार कमी बघितलं. मी रोज ताटातलं काही झाकून त्यांच्या दाराशी ठेवायचे, ते रिकामं भांडं घासून परत ठेवायचे.

पुढच्या कार्तिकात एका सकाळी ते आमच्या दाराशी आले. हे आणि सासूबाई बाहेर होते, मी दाराआड.

"यंदा जायचं," काका म्हणाले.

"नाही, काका," हे म्हणाले. "मोटार बंद झाली तरी आता मन होत नाही."

"मोटार बंद नाही. मी त्याला सांगून आलो, तू ये. तो आला नाही तर या बाया बिनधास्त होतील. बंदी एक वर्ष टिकते. दुसऱ्या वर्षी दुसराच कुणी येतो, त्याला ती ठाऊक नसते. फडकं बंद. शेवटी असेल तिनं नाक्यावर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, 'माझ्या मागं कुणी नाही.' नाकेदारानं ते कानानं ऐकायचं. मगच गोळा."

"मग दुसरी कुणी बघा," हे म्हणाले. "आमची बोलत नाही."

"दुसरी नको मला."

सासूबाई पुढं आल्या. त्या म्हणाल्या, "फडकं मी घेतलं होतं. हिनं नाही दिलं, मी घेतलं. मले काय माहीत!" आणि तोंडाला पदर लावला. सासूबाईंना रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

मी दाराआडून म्हटलं, "मी जाईन."

यांनी वळून बघितलं. त्यांना वाटलं असावं, दुसरंच कुणी बोललं.

त्या दिवशी वर काय खाल्लं, काय केलं, मला काही आठवत नाही. मी सगळा वेळ ते चार शब्द मनात घोकत होते. उतरताना मी प्रत्येक वळणावर थांबले. झुडपात बघितलं, दगडामागं बघितलं, बायांच्या चपला मोजाव्यात तशा माना मोजल्या. मुलगी पुढच्या गाडीत, सासूबाईंच्या मांडीवर. ती मला दिसत होती, तरी मी मागं बघत होते.

नाक्यावर जीप उभी होती, इंजिन चालू. राजे आत बसलेले. काका बांबूच्या पलीकडं, हातात गोळा. नाकेदार बांबूच्या दोरीला हात लावून माझ्याकडं बघत होता, सगळे माझ्याकडं बघत होते. मी बांबूखालून आले आणि बोलले.

"काय?" नाकेदार म्हणाला. "मोटारीच्या आवाजात ऐकू नाही येऊ राहिलं, बाई."

राजेंनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. बैलसुद्धा गप्प.

"माझ्या मागं कुणी नाही," मी म्हणाले.

नाकेदारानं काकांकडं बघितलं. काका मला म्हणाले, "नक्की?"

"नक्की."

काकांनी गोळा दिला. राजेंनी तो खांद्यात घातला, मला मान लववली आणि जीप माझ्या बाजूनं घाटात शिरली. ती पहिल्या वळणाआड दिसेनाशी झाली. माझ्या शब्दावर ती गेली होती. कुणी राहिलं असेल तर? एखादी दुसऱ्याच गल्लीतली, लाकडं वेचणारी, एखादं पोर, जे मी बघितलंच नाही? सासूबाई हाका मारत होत्या, "चल गं, अंधार होईल!" मी हलले नाही. काका येऊन माझ्या शेजारी उभे राहिले, कानामागं हात धरून. आवाज एका वळणावरून दुसऱ्या वळणावर चढत गेला, मध्येच बारीक झाला, पुन्हा आला, आणि आम्ही दोघं, आवाज वर सपाटीला लागेपर्यंत, श्वास रोखून ऐकत राहिलो.